चौकटीखालची फट

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेत जरा खसखस पिकली, ती माझ्या कानांवर आली आहे. गेल्या महिन्यात आहारावर बोलणे झाले, त्याच्या आधी मुलांच्या अभ्यासावर, आणि आज काय, तर दाराच्या चौकटीखालची फट! पण हसणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर केर काढण्याच्या निमित्ताने न्हाणीघराच्या दाराशी जरा वाका आणि चौकटीचा पाय फरशीला कुठे टेकतो ते पाहा. ज्यांच्या घरी गेल्या चार-पाच वर्षांत नवी फरशी बसली आहे, त्यांच्यापैकी निम्म्या जणींना तिथे बोटभर नाही तरी नखभर फट सापडेल.

आमच्या आवारातल्या इमारतींना आता चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली. जुन्या मोझेकच्या लाद्या झिजल्या, खचल्या. एकीने नवी फरशी केली, ती पाहून दुसरीने केली आणि बघता बघता सगळ्या आवारात टाइल कापण्याच्या यंत्राचा घुर्रर्र आवाज सुरू झाला. फरशी सुंदर झाली, आरशासारखी झाली. पण गवंडी गेला, आणि दारापाशी पाहावे तो चौकटीचा पाय अधांतरी! चौकटीभोवती जी नक्षीची लाकडी पट्टी असते, तिचे टोकही फरशीपासून वर राहिलेले. मग गवंड्याला विचारले की तो म्हणतो, "बाई, ते सुताराचं काम." सुताराला विचारले की तो म्हणतो, "फरशी मी कुठं बसवली?" आणि रंगारी म्हणतो, "काळजी करू नका, लांबी भरून देतो." तो लांबी भरतो, वरून रंगाचा हात मारतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या उन्हाळ्यात लांबीचा चुरा केरसुणीत येऊ लागतो.

मी सुताराची मुलगी. माझ्या वडिलांचे काम आमच्या अंगणातच चाले, आणि करवत, रंधा, पटाशी ही नावे मी बाराखडीबरोबर शिकले. त्यामुळे या विषयावर दोन शब्द सांगण्याचा माझा अधिकार आहे असे मी समजते.

आता ही फट येते कोठून, ते पाहू. आपल्या जुन्या घरांतली चौकट खरोखरच चौकट होती. दोन्ही बाजूंना दोन दारबाह्या, वर गणेशपट्टी आणि खाली उंबरठा. आपण उंबरठ्याला हळदकुंकू वाहतो, त्याच्यापुढे रांगोळी काढतो, ते तर आहेच. पण सुताराच्या दृष्टीने उंबरठा हे मोठे कामाचे लाकूड होते. दोन्ही बाह्यांचे पाय त्यात सांधलेले असत, त्यामुळे ते जमिनीत गाडले जात नसत. आणि अंगणातले पाणी तिथेच अडे. फ्लॅट आले, तसा आतल्या दारांचा उंबरठा गेला. केर काढायला सोयीचे झाले, म्हाताऱ्या माणसांना अडखळायचे राहिले नाही, हे कबूल. पण चौकट तीनच बाजूंची झाली आणि तिचे दोन्ही पाय लादीच्या खाली इंच-दीड इंच गाडले गेले.

आता जुनी लादी उखडली की काय होते? मोझेकची लादी जवळजवळ पाऊण इंच जाड असते, आणि तिच्याखाली चुन्याचा किंवा सिमेंटचा थर असतो. नवी टाइल जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरची. गवंड्याने खालचा थर तेवढा वाढवून घेतला तर ठीक. पण बाहेरच्या जिन्याची पातळी, न्हाणीघराची पातळी, शेजारच्या खोलीची पातळी असे सगळे जुळवता जुळवता नवी फरशी कुठे जुन्यापेक्षा खाली जाते. आजवर झाकलेला पाय उघडा पडतो आणि पट्टीचे टोक वर राहते. शिवाय चौकटीभोवतीची पट्टी नक्षीची, वळणावळणाची. तिच्या कडेने टाइल तशीच वळणदार कापणे कष्टाचे असते. गवंडी सरळ कापतो आणि उरलेल्या कोपऱ्यात पांढरे सिमेंट दाबतो.

कुणी म्हणेल, असेना का थोडी फट! झुरळ जाईल, मुंगी जाईल, एवढेच ना? त्यांचाही मला तिटकारा आहे, पण माझी चिंता निराळी आहे. लाकूड हे बारीक बारीक नळ्यांच्या जुडग्यासारखे असते. त्या नळ्या झाडात खालून वर पाणी नेतात, आणि झाड तोडले तरी त्यांची तोंडे राहतातच. दारबाही उभी असते, म्हणजे तिच्या तळाशी ही सगळी तोंडे खाली उघडी असतात. बाजूच्या अंगाला आपण रंग देतो, पॉलिश देतो. पण तळाला कोण रंग देतो? आपण रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतो. फडके चौकटीशी वळते, तिथे पाणी थोडे जास्त पिळले जाते, आणि ते फटीतून आत जाते. तळाचे लाकूड ते पिऊन घेते. न्हाणीघराच्या दाराशी तर दिवसातून दहा वेळा. दोन-चार पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, मग पोपडे निघतात आणि एक दिवस बोट लावले की लाकूड भुसभुशीत लागते.

दुसरी गोष्ट वाळवीची. एका वहिनींची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. नाव सांगत नाही. त्या तळमजल्यावर राहतात. सात-आठ वर्षे मसाले आणि पापड करून त्यांनी पैसे साठवले आणि 2022 च्या दिवाळीपूर्वी दोन खोल्यांची फरशी केली. घरात कुणाकडे एक पैसा मागितला नाही. चौकटीखाली फट राहिली होती, ती गवंड्याने पांढऱ्या सिमेंटने बुजवून दिली. काम दिसायला स्वच्छ दिसत होते. पुढच्या पावसाळ्यात आतल्या खोलीचे दार कडीला लागेना. बिजागरीचे स्क्रू पिळावेत तर ते नुसतेच फिरायचे. सुताराने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बाहीवर टिचकी मारली, तर आवाज पोकळ. वरचा रंग पापडासारखा उभा होता, आत मातीच मातीच! चौकट बदलावी लागली. चौकटीचा पाय फरशीत अडकलेला, म्हणून दाराजवळच्या टाइल फोडाव्या लागल्या. त्याच रंगाच्या टाइल दुकानात मागायला गेल्या, तर नाव तेच, नंबर तोच, पण भट्टीचा घाण निराळा असल्याने रंगात फरक. आज त्यांच्या दारात दोन रंगांची फरशी आहे, आणि त्यावर त्या पायपुसणे घालून ठेवतात.

फटीमुळेच वाळवी आली असे मी म्हणणार नाही. ती बहुधा आधीपासून जमिनीतून गाडलेल्या पायात शिरलेली असावी. पण फट बुजवण्यापूर्वी कुणी आत डोकावले असते तर ती तिथेच दिसली असती. तिला मिलिमीटरभर वाट पुरते, आणि झाकलेली, अंधारी, ओलसर वाट तर तिला फारच आवडते. पुन्हा, जुनी लादी उखडून जमीन उघडी असते ती वेळ वाळवीचे औषध घालण्याची उत्तम वेळ. नंतर तेच काम टाइलला भोके पाडून करावे लागते. तळमजल्यावरच्या भगिनींनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

तेव्हा फट दिसली की लगेच काहीतरी आणून कोंबायचे नाही. विजेरी घ्या, जमिनीवर सरळ आडव्या व्हा (त्यात लाज कसली!) आणि आत पाहा. मातीच्या बारीक नळ्या किंवा लाकडाचे पीठ दिसते का? स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पाय हलकेच टोचा. चांगल्या लाकडात टोक रुतत नाही. वरपासून खालपर्यंत टिचक्या मारत या. आवाज जिथे बदलतो तिथे थांबा. यातले काही आढळले तर आधी वाळवीचा जाणकार किंवा सुतार, फट मागाहून. लाकूड ओले वाटले तर चार-आठ दिवस तिथे पाणी लागू न देता पंखा लावून वाळू द्या. ओल्या लाकडावर भरलेले काही टिकत नाही, आणि ओल मात्र आत कोंडली जाते.

मग उघड्या तळाला रंग. फट अरुंद असेल तर ब्रश जात नाही; अशा वेळी पातळ कापडाची पट्टी प्रायमरमध्ये भिजवून, पट्टीच्या पातेने आत सारून इकडून तिकडे ओढावी. दोन हात द्यावेत. ही गोष्ट मी एकाही कारागिराला आपण होऊन करताना पाहिलेली नाही. वास्तविक या सगळ्या कामात तीच महत्त्वाची आहे. मध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

आता भरायचे काय? पांढरे सिमेंट नको, हे मी पुन्हा सांगते. सिमेंट कडक, टाइल कडक आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले लाकूड मात्र जिवंत. पावसाळ्यात ते फुगते, चैत्र-वैशाखात आकसते. गंमत अशी की लाकूड उंचीला जवळजवळ बदलतच नाही, रुंदीला बदलते. म्हणून बाहीच्या तळाखालची फट वर्षभर तेवढीच राहते, पण बाहीच्या कडेची, टाइल आणि लाकूड यांच्यामधली उभी फट ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते. सागवान थोडे बदलते, हलक्या जातीचे लाकूड अधिक. त्यातून मुले दार आपटतात. सिमेंटला असा हेलकावा सोसत नाही, ते तडकते. तिथे ताणले जाईल आणि पुन्हा जागेवर येईल असे काही पाहिजे. हल्ली रंगाच्या दुकानात नळीत भरलेले सीलंट मिळते, ते या कामाला योग्य. त्यात दोन प्रकार पाहून घ्या. अ‍ॅक्रिलिकच्या सीलंटवर रंग देता येतो, म्हणून खोल्यांच्या कोरड्या दारांना ते बरे. सिलिकॉनवर रंग धरत नाही, पण ते पाण्याला दाद देत नाही. न्हाणीघराला आणि मोरीला तेच घ्यावे. सिलिकॉनमध्येही एक जात अशी असते की वाळताना तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. उंबऱ्याला किंवा फरशीला संगमरवर असेल तर ती वापरू नये. त्या आंबटपणाने संगमरवराची झिलई जाते, जशी लिंबू सांडल्याने ओट्यावरच्या संगमरवराची जाते. दुकानदाराकडे 'न्यूट्रल' म्हणून मागावे.

फट पेन्सिलीएवढी रुंद असेल तर सगळी सीलंटने भरणे म्हणजे पैसा वाया, आणि ते नीट धरतही नाही. आधी फोमची गोल दोरी मिळते ती आत दाबून बसवायची, वर थोडीच जागा ठेवायची आणि तेवढीच भरायची. भरण्यापूर्वी दोन्ही कडांना कागदी चिकटपट्टी लावा. नळीचे टोक तिरपे आणि लहान कापा. आमच्या इथे सगळे ते मोठे कापतात आणि मग केकवरच्या क्रीमसारखा गोळा येतो. एका दमात, न थांबता, हात सारखा चालवत भरा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच फिरवा. चिकटपट्टी लगेच ओढून काढा. सीलंट सुकू लागल्यावर काढाल तर कड फाटेल. पुरता एक दिवस तिथे पोतेरे फिरवू नका. अ‍ॅक्रिलिक वाळताना थोडे आत बसते, त्याला दुसऱ्या दिवशी आणखी एक हात लागला तर घाबरू नये. ज्या हाताला चकलीचा सोऱ्या चालवण्याची सवय आहे त्याला हे काम पहिल्याच दिवशी जमते, हे मी अनुभवाने सांगते.

आणि फट त्याहूनही मोठी, म्हणजे अर्धा-पाऊण इंच असली तर? बाहीचा पाय अधांतरी राहिला म्हणून दार कोसळत नाही. चौकट भिंतीतल्या लोखंडी पट्ट्यांनी धरलेली असते. पण इतकी मोठी फट भरून चांगली दिसत नाही. पायाखाली ग्रॅनाइटचा किंवा उरलेल्या टाइलचा तुकडा बेताने कापून एपॉक्सीने चिकटवावा आणि वर उरलेली बारीक रेघ सीलंटने भरावी. दगडाचा पाय झाला की पाण्याची भीतीही कमी. चौकटीभोवतीच्या पट्टीला माझे वडील एक उपाय करीत, तो मला फार आवडतो. पट्टीच्या तळाला, तिच्यापेक्षा थोडी जाड आणि थोडी रुंद अशी चार-सहा इंच उंचीची चौकोनी ठोकळी ते बसवीत. पट्टी तेवढी खालून कापायची आणि ठोकळीवर टेकवायची. फट झाकली जाते आणि ती मुद्दाम केलेली शोभाच वाटते. फरशी कुठे उंचसखल असेल तर ठोकळी जागेवर उभी धरावी, पेन्सिल एका पातळ चिपेवर आडवी ठेवून फरशीवरून सरकवीत न्यावी. फरशीची जी काही लाट असेल ती लाकडावर रेघ होऊन उमटते. त्या रेघेवर कापले की ठोकळी फरशीवर कागदासारखी बसते.

परंतु ज्यांची फरशी अजून व्हायची आहे, त्यांनी हा सगळा खटाटोप टाळावा. त्यांच्यासाठी खरी युक्ती अगदी सोपी आहे. गवंड्याला चौकटीच्या वळणाप्रमाणे टाइल कापायला लावू नका. लाकूडच खालून कापा आणि टाइल त्याच्याखाली सरकवा. नव्या फरशीच्या पातळीवर, टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून जेवढी जाडी होणार तेवढ्या जाडीचा एक थर पट्टीशी ठेवायचा, त्यावर हातकरवत आडवी टेकवायची आणि पट्टी कापायची. करवत टाइलवरूनच चालत असल्यामुळे उंची चुकत नाही. मग टाइल आत सरकते आणि तिची कापलेली कड लाकडाखाली दिसेनाशी होते. चौकटीचा बाहीचा भाग मात्र सगळाच कापू नये. तिथे पट्टीपुरतेच आणि फार तर बाहीच्या दर्शनी भागात थोडेसे. तळाला तेव्हाच प्रायमर लावून घ्यावा, त्या वेळी ब्रश सहज पोहोचतो.

जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी टाइल बसवणाऱ्या घरांत उलटा प्रकार होतो. फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते, चौकटीखाली फट राहत नाही, पण दाराची फळी घासते. मग फळी खालून कापतात. ती कापली की नवी उघडी कड रंगवून घ्यायला सांगा, नाहीतर प्लायचे थर पाण्याने सुटतात.

माझ्या लेकीकडे टाइल नाही, लॅमिनेटची लाकडी फरशी आहे. तिथले शास्त्र निराळे. ती सगळी फरशी एका चटईसारखी मोकळी पसरलेली असते आणि हवेप्रमाणे फुगते, आकसते. म्हणून भिंतीशी आणि चौकटीशी आठ-दहा मिलिमीटर जागा मुद्दाम सोडतात. ती फट पाहून कुणा हौशी माणसाने लांबी भरली की पावसाळ्यात फरशी मधेच फुगून वर येते. ती जागा पट्टीने झाकायची. पट्टी भिंतीला किंवा चौकटीला ठोकायची, फरशीला खिळा मारायचा नाही.

पैशाबद्दल एक शब्द. काम ठरवतानाच कागदावर लिहून घ्या: चौकटीचे पाय आणि पट्ट्या नव्या फरशीला जुळवून देणे हे कुणाकडे. गवंड्याकडे ठेवा, सुताराकडे ठेवा, पण एकाकडे ठेवा. आणि दर दारापाशी वाकून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. "साहेबांना विचारून सांगतो," असे कारागीर म्हणाला, तर त्याला सांगा की साहेब फरशी पुसत नाहीत. आणि काम संपल्यावर उरलेल्या टाइल त्याला नेऊ देऊ नका. चार-पाच टाइल माळ्यावर उभ्या ठेवा आणि खोक्यावरचा नंबर व घाणाचा आकडा जपून ठेवा.

मी येताना करवत, एक जुनी पट्टी, दोन टाइल आणि सीलंटची नळी बरोबर आणली आहे. चहा होईतो मागच्या टेबलावर ती मांडते. ज्यांना हात चालवून पाहायचा असेल त्यांनी यावे. बांगड्या मात्र वर सारून घ्या. आपल्या मंडळाच्या वाचनालयाच्या दाराखालची फट मी येतानाच मोजली आहे, ती सहा मिलिमीटर भरली. मागच्या फळ्या मी टोचून पाहिल्या, लाकूड चांगले आहे. येत्या रविवारी सकाळी तिला प्रायमर लावू आणि सोमवारी संध्याकाळी ती भरू. चौघी जणी पुरतील. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.